डीलरचे नियम आणि खेळाडूचा डाव : ब्लॅकजॅकमागचे गणित

ब्लॅकजॅक या कॅसिनोतील पत्त्यांच्या खेळात टेबलापलीकडे उभा असलेला डीलर पत्ते वाटतो, हरलेल्या पैजा गोळा करतो, जिंकलेल्यांना चिप्स मोजून देतो; पण संपूर्ण डावात तो स्वतःच्या मर्जीने एकही निर्णय घेत नाही. त्याच्या पत्त्यांची बेरीज १६ किंवा त्याहून कमी असेल, तर त्याने आणखी एक पत्ता घेतलाच पाहिजे. बेरीज १७ किंवा त्याहून अधिक झाली, की थांबलेच पाहिजे. समोरच्या खेळाडूकडे २० आहेत आणि आपल्याकडे १८, हे दिसत असूनही त्याला पुढचा पत्ता घेता येत नाही. उलट खेळाडू १३ वर थांबला असेल आणि आपल्याकडे १६ असतील, म्हणजे डाव आपण जिंकलेलाच असेल, तरीही त्याला पत्ता ओढावा लागतो आणि कधीकधी तो त्यातच २१ या मर्यादेच्या पलीकडे जाऊन हरतो. पोकरमध्ये समोरच्याचा चेहरा वाचावा लागतो. येथे वाचायचा असतो तो टेबलावर छापलेला नियम. खेळाडूने कधी थांबावे, कधी पत्ता घ्यावा, कधी पैज दुप्पट करावी, याची जी उत्तरे गणिताने काढली गेली आहेत, ती सगळी या एका बांधील वागणुकीला दिलेली उत्तरे आहेत, आणि म्हणूनच डीलरचा नियम थोडा जरी बदलला तरी त्यातली काही उत्तरे बदलतात.

खेळाची तोंडओळख थोडक्यात सांगता येते. राजा, राणी आणि गुलाम यांची किंमत १०, एक्क्याची १ किंवा ११, बाकीच्या पत्त्यांची त्यांच्यावरील आकड्याइतकी. २१ न ओलांडता डीलरपेक्षा मोठी बेरीज करायची, आणि बेरीज समान झाली तर पैज परत मिळते. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता आला तर तो ब्लॅकजॅक, आणि त्याला पैजेच्या दीडपट, म्हणजे ३:२ या दराने, रक्कम देण्याची जुनी पद्धत आहे.

आता पहिला प्रश्न असा, की डीलर जर इतका जखडलेला आहे, तर कॅसिनोला नफा होतो कसा? उत्तर क्रमात आहे. खेळाडू आधी खेळतो आणि डीलर नंतर. खेळाडूची बेरीज २१ च्या पुढे गेली, म्हणजे तो ‘बस्ट’ झाला, की त्याची पैज त्याच क्षणी उचलली जाते. त्यानंतर डीलरही बस्ट झाला, तरी ती परत मिळत नाही. डीलर साधारण २८ टक्के डावांत बस्ट होतो. एखाद्या खेळाडूने डीलरचीच नक्कल करायची, म्हणजे १६ पर्यंत पत्ते घ्यायचे आणि १७ ला थांबायचे असे ठरवले, तर तोही साधारण तितक्याच वेळा बस्ट होईल. दोघेही बस्ट होण्याची शक्यता २८ टक्क्यांचे २८ टक्के, म्हणजे सुमारे ८ टक्के. इतरत्र सगळे सारखेच असल्यामुळे कॅसिनोचा सारा फायदा या ८ टक्क्यांतून येतो. त्यातून ब्लॅकजॅकवर खेळाडूला मिळणारी जादा अर्धी पैज वजा केली, जिचे मोल सुमारे २.३ टक्के भरते, की नक्कल करणाऱ्याच्या प्रत्येक १०० चिप्सच्या पैजेमागे कॅसिनोकडे सरासरीने पाच ते सहा चिप्स राहतात. या सरासरी वाट्याला ‘हाउस एज’ म्हणतात आणि पुढे तोच शब्द वापरला आहे.

योग्य रीतीने खेळणाऱ्याच्या बाबतीत हाच आकडा साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो. पाच-साडेपाच टक्क्यांपासून अर्ध्या टक्क्यापर्यंतचे हे अंतर खेळाडू भरून काढतो ते डीलरला नसलेल्या अधिकारांच्या जोरावर: कमी बेरजेवर थांबण्याचा अधिकार, अनुकूल वेळी पैज दुप्पट करण्याचा म्हणजे ‘डबल’ करण्याचा अधिकार, आणि सारख्या किमतीचे दोन पत्ते आले तर हात फोडून दोन स्वतंत्र हात खेळण्याचा, म्हणजे ‘स्प्लिट’चा अधिकार. हे अधिकार कधी वापरावेत याचे पहिले पद्धतशीर उत्तर १९५६ मध्ये अमेरिकेतील संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या अमेरिकी सैन्यातील चौघांनी हे सारे हिशेब टेबलावरच्या आकडेमोड यंत्रांवर केले होते. पुढे गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेतील आयबीएम ७०४ या संगणकावर ते अधिक नेमके केले. आज ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ या नावाने जो तक्ता सर्वत्र फिरतो, त्याचे मूळ या कामात आहे. मात्र तो तक्ता एक नसून अनेक आहेत, ही गोष्ट फिरताना बहुधा गळून पडते.

उघडा पत्ता काय सांगतो

डीलरला दोन पत्ते मिळतात, एक उघडा आणि एक पालथा. उघड्या पत्त्यावरून त्याचा शेवट कुठे होईल याचा अंदाज बांधता येतो, कारण त्याची वागणूक ठरलेली आहे. पत्त्यांच्या तेरा किमतींपैकी चार, म्हणजे दहा, गुलाम, राणी आणि राजा, दहाच्या किमतीच्या असतात. त्यामुळे पालथा पत्ता दहाचा असण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के. उघडा पत्ता ६ असेल तर बेरीज १६ होण्याची शक्यता सर्वांत मोठी, आणि १६ वर पत्ता घेण्याची त्याच्यावर सक्ती आहे. १६ वर आलेला कोणताही सहा किंवा त्याहून मोठा पत्ता, एक्का वगळता, त्याला बुडवतो, आणि अशा किमती तेरांपैकी आठ आहेत. सगळ्या शक्यता एकत्र केल्या तर ६ दाखवणारा डीलर सुमारे ४२ टक्के वेळा बस्ट होतो. ५ दाखवणाराही जवळपास तितकाच, ४ दाखवणारा ४० टक्क्यांच्या आसपास, २ दाखवणारा सुमारे ३५ टक्के. पुढे ७ वर हा आकडा एकदम २६ टक्क्यांपर्यंत खाली येतो, कारण आता पालथा दहा आला की १७ होतात आणि डीलर सुखरूप थांबतो.

६ आणि ७ यांच्यामधली ही खाच म्हणजे संपूर्ण बेसिक स्ट्रॅटेजीचा कणा होय. १६ ची बेरीज हातात असताना डीलर ७ दाखवत असेल, तर थांबणारा खेळाडू फक्त डीलर बस्ट झाला तरच जिंकतो, म्हणजे १०० पैकी २६ वेळा जिंकतो, ७४ वेळा हरतो. सरासरी तोटा प्रत्येक १०० चिप्समागे सुमारे ४८. पत्ता घेतला तर तोच तोटा सुमारे ४१ वर येतो. दोन्ही वाईटच, पण दुसरा कमी वाईट. डीलर ६ दाखवत असेल, तर थांबल्यावर ४२ विजय आणि ५८ पराभव, म्हणजे तोटा १६ च्या घरात. येथे नवख्यांचा एक गैरसमज दिसतो: डीलरचा पत्ता कमजोर आहे म्हणजे आपण जिंकणार, असे त्यांना वाटते. तसे नाही. १२ ते १६ या बेरजा बहुतेक कोणत्याही उघड्या पत्त्यासमोर तोट्याच्याच असतात. योग्य निर्णय घेतल्याने तोटा आटोक्यात राहतो, इतकेच. नफा येतो तो डीलर कमजोर असताना १० किंवा ११ सारख्या बेरजेवर टेबलावर जास्त रक्कम ठेवल्यामुळे, आणि म्हणूनच डबल किंवा स्प्लिटवर आलेले प्रत्येक बंधन खेळाडूला महाग पडते.

सॉफ्ट १७ : सर्वांत चर्चिला जाणारा नियम

एक्का ११ धरून केलेली आणि गरज पडल्यास १ धरता येणारी बेरीज ‘सॉफ्ट’ म्हटली जाते. एक्का आणि ६ म्हणजे सॉफ्ट १७. दहा आणि ७ म्हणजे हार्ड १७. हार्ड १७ वर डीलर सर्वत्र थांबतो. सॉफ्ट १७ वर मात्र दोन परंपरा आहेत. काही टेबलांवर तो थांबतो, काहींवर त्याला पत्ता घ्यावा लागतो, आणि कोणता नियम लागू आहे ते टेबलाच्या कापडावर ठळक अक्षरांत छापलेले असते: ‘डीलर मस्ट स्टँड ऑन ऑल १७’ किंवा ‘डीलर मस्ट हिट सॉफ्ट १७’.

पत्ता घेण्याच्या सक्तीमुळे डीलर अधिक वेळा बस्ट होतो, हे खरे आहे. एकूण प्रमाण २८.२ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांच्या आसपास जाते. उघडा पत्ता ६ असेल तर सुमारे ४२ वरून ४४, आणि एक्का असून पालथा दहा नाही हे ठरल्यानंतर सुमारे १७ वरून २०. एवढे वाचून कोणालाही वाटेल की हा नियम खेळाडूच्या फायद्याचा आहे. प्रत्यक्षात त्यामुळे हाउस एज सुमारे ०.२ टक्क्याने वाढते. हा विरोधाभास नीट उलगडून पाहण्यासारखा आहे, कारण डीलरच्या नियमांबद्दलचे निम्मे गैरसमज यातच अडकलेले असतात.

१७ ही डीलरसाठी फार दुबळी बेरीज आहे. १७ वर थांबलेला डीलर केवळ आधीच बस्ट झालेल्यांना आणि १६ किंवा त्याखाली थांबलेल्यांना हरवतो. १८, १९, २०, २१ असलेले सगळे त्याला हरवतात. सॉफ्ट १७ वर एक पत्ता घेतला तर काय होते ते तेरा किमतींवर मोजता येते. एक्का, दोन, तीन किंवा चार आला तर बेरीज १८ ते २१ होते, म्हणजे चार शक्यतांत थेट सुधारणा. दहाच्या चार किमतींपैकी काही आले तर एक्का १ चा होतो आणि बेरीज पुन्हा १७ च राहते, म्हणजे न नफा न तोटा. उरलेल्या पाच किमतींत, पाच ते नऊ, तो १२ ते १६ च्या अडचणीत सापडतो आणि त्याला आणखी पत्ते घ्यावे लागतात. त्यातही तो दर वेळी बुडत नाही, काही वेळा १८ च्या वर निघतो. पहिल्या पत्त्याने बस्ट होणे तर अशक्यच आहे. थोडक्यात, डीलर एक कमकुवत पण सुरक्षित बेरीज सोडतो आणि बदल्यात जास्त वेळा १८ ते २१ मिळवतो. त्यासाठी मोजावी लागणारी बस्टची किंमत मिळकतीपेक्षा कमी असते. याच कारणाने खेळाडूनेही सॉफ्ट १७ वर कधीही थांबू नये, आणि डीलर ३ ते ६ दाखवत असेल तर त्यावर डबल करावे, असे बेसिक स्ट्रॅटेजी सांगते. जो निर्णय खेळाडूला शहाणपणाचा, तोच डीलरवर सक्तीने लादला की कॅसिनोला फायद्याचा ठरतो, यात नवल नाही.

जुन्या काळी लास व्हेगासच्या ‘स्ट्रिप’वरील कॅसिनोंत डीलर सर्व १७ वर थांबत असे, आणि तेथीलच ‘डाउनटाउन’ भागात तसेच रीनो शहरात तो सॉफ्ट १७ वर पत्ता घेत असे. पुढे दुसरा नियम पसरत गेला. आज कमी पैजेच्या टेबलांवर बहुधा तोच आढळतो, तर थांबण्याचा नियम मोठ्या पैजेच्या टेबलांकडे सरकला आहे.

या नियमाने खेळाडूचे कोणते निर्णय बदलतात? चार ते आठ कॅट वापरले जात असतील, तर डबलचे तीन निर्णय बदलतात. ११ च्या बेरजेवर डीलरचा एक्का असेल, तर डीलर सॉफ्ट १७ वर थांबणाऱ्या टेबलावर फक्त पत्ता घ्यावा, पण जिथे डीलर पत्ता घेतो त्या टेबलावर डबल करावे. सॉफ्ट १८ वर डीलरचा २ असेल आणि सॉफ्ट १९ वर डीलरचा ६ असेल, तर एरवी थांबायचे. पण पत्ता घेणाऱ्या डीलरसमोर डबल करायचे. तिन्हींमागचे कारण एकच आहे. डबल केल्यावर खेळाडूला एकच पत्ता मिळतो आणि तो निकृष्ट निघाला तर सारी भिस्त डीलरच्या बस्ट होण्यावर राहते. ती शक्यता थोडी वाढली, की काठावर असलेले हात डबलच्या बाजूला झुकतात.

शरणागतीच्या निर्णयांत मात्र दिशा उलटी आहे. काही टेबलांवर पहिल्या दोन पत्त्यांनंतर अर्धी पैज सोडून डावातून बाहेर पडता येते, त्याला ‘सरेंडर’ म्हणतात. डीलर सॉफ्ट १७ वर पत्ता घेत असेल, तर त्याच्या एक्क्यासमोर हार्ड १५, हार्ड १७ आणि आठांची जोडी या तिन्ही हातांत शरण जावे. तो थांबत असेल तर तसे करू नये. हार्ड १७ चे उदाहरण विशेष बोलके आहे. १७ हातात घेऊन निम्मी रक्कम सोडून देणे अनेकांना पटत नाही. पण डीलर सॉफ्ट १७ वर थांबत असता, तर काही डाव १७-१७ अशा बरोबरीत सुटले असते. ते डाव आता बरेचसे १८ ते २१ कडे जातात, आणि अपेक्षित तोटा अर्ध्या पैजेच्या किंचित पलीकडे सरकतो. अर्धी पैज देऊन सुटका होत असेल तर ती घ्यावी.

हे सगळे निर्णय अचूक पाळले, तरी ०.२ टक्क्याच्या नुकसानीतला फारच लहान भाग परत मिळतो. नियमाची किंमत मुख्यतः त्या हातांत वसूल होते जिथे खेळाडूला वेगळे काही करता येत नाही.

पालथा पत्ता कधी घेतला जातो

अमेरिकी पद्धतीत डीलर सुरुवातीलाच दोन पत्ते घेतो, आणि उघडा पत्ता एक्का किंवा दहाचा असेल तर खेळाडूंनी काही करण्याआधी पालथा पत्ता हळूच पाहून आपल्याकडे ब्लॅकजॅक आहे का ते तपासतो. असेल तर डाव तेथेच संपतो आणि खेळाडूची फक्त मूळ पैज जाते. युरोपात रूढ असलेल्या पद्धतीत डीलर दुसरा पत्ता सर्व खेळाडूंचे खेळून झाल्यावरच घेतो. वरवर पाहता हा केवळ क्रमाचा फरक आहे. पण मधल्या काळात खेळाडूने पैज दुप्पट केली असेल किंवा हात फोडले असतील, आणि मग डीलरचा ब्लॅकजॅक निघाला, तर सगळी वाढवलेली रक्कम जाते. उघडा पत्ता दहाचा असेल तर पुढचा पत्ता एक्का निघण्याची शक्यता तेरात एक. उघडा पत्ता एक्का असेल तर पुढचा दहाचा निघण्याची शक्यता तेरात चार.

या नियमाची किंमत सुमारे ०.११ टक्के आहे, पण ती योग्य बदल केले तरच एवढी राहते. डीलरचा पत्ता दहा किंवा एक्का असेल तर ११ वर डबल करू नये, आठांची जोडी फोडू नये. एक्क्यांची जोडी दहासमोर फोडावी, पण एक्क्यासमोर नाही. अमेरिकी टेबलासाठी केलेला तक्ता पाठ करून युरोपी टेबलावर बसणारा माणूस नेमक्या याच जागी जास्त गमावतो, कारण आठांची जोडी नेहमी फोडावी हा नियम त्याने सूत्रासारखा डोक्यात ठेवलेला असतो. काही कॅसिनोंत तडजोड म्हणून डीलरचा ब्लॅकजॅक निघाल्यास फक्त मूळ पैज घेऊन जादा रक्कम परत करतात. तसे असेल तर अमेरिकी तक्ताच चालतो.

याच तपासणीच्या क्षणाशी सरेंडरचेही दोन प्रकार जोडलेले आहेत. डीलरने ब्लॅकजॅक नाही हे पाहिल्यानंतर शरण जाता येत असेल तर त्याचे मोल जेमतेम ०.०८ टक्के. तपासणीच्या आधीच शरण जाता येत असेल, म्हणजे डीलरच्या ब्लॅकजॅकमधूनही निम्मी रक्कम वाचवता येत असेल, तर तेच मोल ०.६ टक्क्यांच्या आसपास जाते. न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीत १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला तेव्हा ही दुसरी सवलत तेथे नियमानेच दिली जात होती, आणि तिथल्या इतर चांगल्या नियमांसह हिशेब मांडला तर पत्ते न मोजता, म्हणजे बाहेर पडलेल्या पत्त्यांचा हिशेब न ठेवता, निव्वळ बेसिक स्ट्रॅटेजीने खेळणाऱ्याच्या बाजूलाही पारडे किंचित झुकत होते. १९८१ मध्ये ती सवलत काढून घेण्यात आली.

मोठा आकडा दुसरीकडेच असतो

सॉफ्ट १७ ची चर्चा चवीने करणारे अनेक खेळाडू ब्लॅकजॅकचा दर मात्र न पाहताच टेबलावर बसतात, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे. २००० नंतरच्या दशकात लास व्हेगासमध्ये ३:२ ऐवजी ६:५ या दराने ब्लॅकजॅकची रक्कम देणारी टेबले झपाट्याने वाढली. १० चिप्सवर १५ ऐवजी १२. फरक लहान दिसतो, पण हिशेब सोपा आहे: ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो, त्यातले काही डीलरच्या ब्लॅकजॅकशी बरोबरीत जातात, आणि उरलेल्या प्रत्येकावर पैजेच्या ०.३ पट रक्कम कमी मिळते. गुणाकार केला तर सुमारे १.३६ टक्के. म्हणजे सॉफ्ट १७ च्या नियमाच्या सहापटीहून अधिक. शिवाय खेळण्याच्या पद्धतीत कोणताही बदल करून हे नुकसान भरून काढता येत नाही, कारण ब्लॅकजॅक आल्यावर निर्णयच उरत नाही.

एकाच कॅटने खेळला जाणारा खेळ खेळाडूला अधिक अनुकूल असतो, ही जुनी आणि खरी समजूत आहे. एका कॅटमध्ये हातातून बाहेर पडलेला प्रत्येक पत्ता उरलेल्यांचे प्रमाण बदलतो: ६ आणि ५ घेऊन ११ करणाऱ्या खेळाडूसाठी उरलेल्या पत्त्यांत दहाचे प्रमाण वाढलेले असते, आणि आपल्याला ब्लॅकजॅक मिळाला असेल तर डीलरलाही तो मिळण्याची शक्यता सुमारे ३.७ टक्केच असते, आठ कॅटमध्ये ती ४.६ टक्के असते. इतर नियम सारखे ठेवले तर एक आणि आठ कॅट यांत सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. पण या समजुतीचाच उपयोग करून ‘सिंगल डेक’ची पाटी लावायची आणि दर ६:५ चा ठेवायचा, ही चाल आता सर्रास दिसते. अर्धा टक्का देऊन एक पूर्णांक तीन-चार दशांश टक्के घ्यायचे, असा तो सौदा आहे.

या टक्केवारीचा प्रत्यक्ष अर्थ काय, तेही पाहावे. दर हाताला १० चिप्स लावून १,००० हात खेळले, तर १०,००० चिप्सची पैज झाली. सॉफ्ट १७ चा नियम त्यावर सरासरी २० चिप्सच्या आसपास घेतो, ६:५ चा दर १३६. परंतु एवढ्याच खेळात निव्वळ योगायोगाने होणारा वरखाली हेलकावा, संख्याशास्त्राच्या भाषेत प्रमाण विचलन, ३६० चिप्सच्या पुढे असतो. म्हणून वाईट नियमांच्या टेबलावर एक संध्याकाळ जिंकून उठलेल्या माणसाला आपल्याकडून जादा काही घेतले गेले आहे हे जाणवतच नाही, आणि चांगल्या नियमांच्या टेबलावर हरलेल्याला नियम चांगले होते हे पटत नाही. अनुभव येथे फार उशिरा शिकवतो; त्याआधी आकडेमोड करावी हे बरे.

डीलरच्या नियमात याहून मोठे बदल केलेले प्रकारही आहेत. ‘ब्लॅकजॅक स्विच’ आणि ‘फ्री बेट’ या खेळांत डीलरची बेरीज नेमकी २२ झाली तर तो हरत नाही, डाव बरोबरीत सुटतो. डीलरची बेरीज २२ होण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के असल्यामुळे ही फार जबर किंमत आहे, आणि ती भरून काढण्यासाठीच पहिल्या खेळात दोन हातांचे वरचे पत्ते आपसांत बदलण्याची मुभा असते, तर दुसऱ्यात ठराविक हातांवर डबल आणि स्प्लिटची रक्कम कॅसिनो स्वतः घालतो. ‘डबल एक्स्पोजर’मध्ये डीलरचे दोन्ही पत्ते उघडे असतात, ऐकायला हे अविश्वसनीय वाटते, पण तेथे बरोबरी झाली की डीलर जिंकतो, ब्लॅकजॅकला दीडपट मिळत नाही, आणि ८ ते ९ टक्के हात बरोबरीचे असल्याने दाखवलेल्या पत्त्याचे मोल तेथेच वसूल होते. अशा टेबलांवर नेहमीचा तक्ता अजिबात वापरू नये. डीलर बस्ट होईल या आशेने थांबण्याचे मोल २२ च्या नियमाने घटते, त्यामुळे थांबण्याचे आणि डबलचे काही निर्णय उलटतात.

शेवटी ‘इन्शुरन्स’. डीलर एक्का दाखवत असेल तेव्हा, पालथा पत्ता दहाचा निघेल अशी वेगळी पैज मूळ पैजेच्या निम्म्यापर्यंत लावता येते आणि तिला २:१ दर मिळतो. ती समसमान ठरण्यासाठी तीनात एकदा, म्हणजे ३३.३ टक्के वेळा, दहा निघायला हवा. निघतो ३१ टक्क्यांच्या आसपास. सहा कॅटच्या खेळात या पैजेवर कॅसिनोचा वाटा सुमारे ७.४ टक्के पडतो. हातात ब्लॅकजॅक असताना हीच पैज ‘ईव्हन मनी’ या गोड नावाने समोर येते: डीलरचा पालथा पत्ता पाहण्याआधीच पैजेइतकी रक्कम घ्या आणि मोकळे व्हा. १०० चिप्सच्या पैजेवर हमखास १०० मिळत असताना नकार देणे जिवावर येते. पण नकार दिला तर तेरांपैकी नऊ वेळा १५० मिळतात आणि चार वेळा बरोबरी होते, म्हणजे सरासरी जवळपास १०४. हमखास मिळकतीसाठी खेळाडू सरासरी चार चिप्स सोडत असतो. तोच हिशेब ६:५ च्या दराने केला तर नकार देणाऱ्याची सरासरी ८३ चिप्सवर येते; तेथे हमखास १०० घेणे हा खेळाडूचा सरळसरळ फायदा ठरला असता, आणि म्हणूनच ६:५ च्या टेबलांवर ‘ईव्हन मनी’ सहसा देऊ केली जात नाही.